रिकामी खुर्ची : विज्ञानकथाकाराचे व्यासपीठ आणि विज्ञानकथेचे वाचन

मराठी विज्ञानकथेची समीक्षा वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. कथेविषयी जे लिहिले गेले आहे त्यातील बराचसा भाग कथाकाराने कथेबाहेर, म्हणजे संमेलनात, परिसंवादात, प्रकट मुलाखतीत अथवा संग्रहाच्या प्रस्तावनेत जे सांगितले त्याचाच विस्तार असतो. कवी किंवा कादंबरीकार यांच्याबाबतही असे घडते. परंतु तेथे लेखकाचे निवेदन हा अनेक पुराव्यांपैकी एक पुरावा मानला जातो. विज्ञानकथेच्या बाबतीत मात्र ते निवेदन हाच निकाल ठरला आहे. प्रस्तुत लेखात या परिस्थितीचे मूळ विज्ञानकथाकाराला मिळालेल्या व्यासपीठाच्या स्वरूपात शोधण्याचा प्रयत्न केला असून, त्यासाठी डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८-२०२५) यांचे उदाहरण समोर ठेवले आहे. व्यासपीठावरील नारळीकर आणि कथेतील नारळीकर हे एकच गृहस्थ नाहीत, आणि आपण आजवर पहिल्यांचे ऐकून दुसऱ्यांना वाचत आलो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्यासपीठाचा प्रश्न नीट समजण्यासाठी थोडे बाहेर पाहणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांत विज्ञानकथा आणि अद्भुतिका यांच्या वाचकांची स्वतंत्र संमेलने भरतात. पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरले. त्याचे सन्माननीय पाहुणे फ्रँक आर. पॉल हे कथालेखक नव्हते, तर विज्ञानकथांच्या मासिकांची मुखपृष्ठे रंगविणारे चित्रकार होते. १९५३ मध्ये सुरू झालेले ह्यूगो पुरस्कार या संमेलनाच्या सभासदांच्या मतांवर ठरतात. अशा ठिकाणी परिसंवादात बसलेल्या लेखकासमोर जो श्रोता असतो त्याने त्याची पुस्तके वाचलेली असतात, पुष्कळदा लेखकापेक्षाही बारकाईने. त्यामुळे 'विज्ञानकथा कशासाठी?' हा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही. या कथेत हे असेच का घडले, निवेदक हाच का निवडला, शेवट असा का केला, असे प्रश्न येतात. या वाचकसत्तेचे दोषही आहेत. २०१५ मध्ये एका गटाने संघटितपणे नामांकने बळकावली आणि सभासदांना पाच विभागांत कोणालाही पुरस्कार न देण्याचा कौल द्यावा लागला. तरीसुद्धा भांडण झाले ते कथांवरून आणि वाचकांमध्ये, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

मराठीत असा वाचकांचा मेळा नाही. विज्ञानकथाकाराला येथे प्रामुख्याने दोन व्यासपीठे मिळाली. एक, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे; दुसरे, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे. पहिले विज्ञानप्रसारकांचे, दुसरे साहित्यिकांचे. पहिल्या ठिकाणी कथा हे विज्ञानाचे वाहन म्हणून स्वीकारली गेली, तर दुसऱ्या ठिकाणी विज्ञान हे कथेचे एक नवे, काहीसे परके दालन म्हणून. म्हणजे एका घरात कथा पाहुणी आणि दुसऱ्या घरात विज्ञान पाहुणे. अशा दोन्ही घरी बोलताना लेखकाला प्रथम आपल्या येण्याचे प्रयोजन सांगावे लागते, आणि प्रयोजन सांगता सांगताच ठरावीक वेळ संपतो.

मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेचे नावच याची साक्ष देते. 'विज्ञानरंजन कथा' या शब्दात रंजन आहे. पण ते विज्ञानाच्या दारी उभे आहे. परिषदेचे ऋण मात्र नि:संशय मोठे आहे, कारण आधुनिक मराठी विज्ञानकथेतील सर्वांत महत्त्वाचा लेखक याच स्पर्धेतून पुढे आला. १९७४ साली नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा स्पर्धेसाठी पाठविली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. स्वत:च्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव त्यांनी तयार केले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ही कथा अहमदाबाद येथील एका परिसंवादात एक रटाळ व्याख्यान चालू असताना लिहावयास घेतली, ही हकीकतही त्यांनीच सांगितलेली आहे. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे गमतीचे किस्से म्हणून सांगितल्या जातात. समीक्षकाने त्यांकडे अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. पहिल्या प्रसंगी लेखक आपले वैज्ञानिक म्हणून असलेले नाव कथेपासून जाणीवपूर्वक दूर ठेवतो, तर दुसऱ्या प्रसंगी व्याख्यानाच्या कंटाळ्यातून कथेचा जन्म होतो. भाषण जेथे थांबावयास हवे होते पण थांबत नव्हते, तेथे ही कथा सुरू झाली.

'नारायण विनायक जगताप' फार काळ टिकू शकले नाहीत. टोपणनावामागील व्यक्ती कळताच मासिकांनी कथा मागितल्या, आणि 'किर्लोस्कर'च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी दिलेले प्रोत्साहन सर्वश्रुत आहे. १९७५ मध्ये कराड येथील एक्कावन्नाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवत यांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. ते संमेलन आज आणीबाणीच्या सावटाखाली दुर्गाबाईंनी दाखविलेल्या निर्भयतेसाठी स्मरणात आहे आणि ते योग्यच आहे. परंतु विज्ञानकथेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. लोकसाहित्य, मिथके आणि आदिमांचे कथाविश्व यांत आयुष्य घालविलेल्या विदुषीला ही कथा आपली वाटली. कथनाच्या प्राचीन परंपरेशी विज्ञानकथेचे नाते जोडण्याची ती संधी होती. पुढील समीक्षेने ती दवडली. उरली ती नोंद एवढीच की, संमेलनाध्यक्षांनी विज्ञानकथेचे कौतुक केले.

पुढील चार दशकांत बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे अशा लेखकांनी हा प्रवाह रुंद केला. फोंडके यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' (१९९३) हा भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला. या लेखकांच्या कथांमध्ये परस्परांत मोठे अंतर आहे. लोंढे यांच्या 'दुसरा आइन्स्टाइन'मधील नैतिक पेच आणि जावडेकरांच्या कथांतील मानवी मनाविषयीचे कुतूहल या एका मापाने मोजण्याच्या गोष्टी नव्हेत. परिसंवादात मात्र हे सर्वजण एकाच ओळीत बसतात आणि सर्वांना एकच प्रश्न विचारला जातो: विज्ञानकथेत विज्ञान किती असावे आणि कथा किती? जणू काही ही आमटी असून मिठाचे प्रमाण तेवढे ठरावयाचे आहे. या प्रश्नाचे उत्तर कोणतेही दिले तरी विज्ञान आणि कथा या दोन वेगळ्या वस्तू असून त्या एकमेकींत मिसळल्या आहेत, हे गृहीत मान्य केल्याखेरीज ते देता येत नाही. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या प्रश्नपत्रिकांत हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत उतरलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. कदाचित काहींनी काढलाही असेल.

या व्यासपीठाने कोणाला आत घेतले यापेक्षा कोणाला बाहेर ठेवले, हे अधिक बोलके आहे. नारायण धारप यांनी भयकथा, अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या तिन्ही प्रकारांत लिहिले, आणि गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांना वाचकांची कधी वाण पडली नाही. पाश्चात्त्य संमेलनात विज्ञानकथा आणि अद्भुतिका एकाच छताखाली नांदत असल्याने असा लेखक तेथे घरचाच ठरला असता. आपल्याकडे विज्ञानप्रसाराच्या व्यासपीठाला त्यांचे भूतपिशाच चालण्यासारखे नव्हते आणि साहित्याच्या व्यासपीठाला त्यांची लोकप्रियता. दुसरे उदाहरण अरुण साधू यांचे. 'स्फोट' आणि 'विप्लवा' या त्यांच्या विज्ञानकादंबऱ्या. २००७ मध्ये नागपूर येथील ऐंशीव्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. असे असूनही २०२१ मध्ये नारळीकरांची निवड झाली तेव्हा विज्ञानकथा प्रथमच अध्यक्षपदी विराजमान झाली, असा सूर सर्वत्र उमटला. नारळीकर हे या पदावर आलेले पहिले वैज्ञानिक होते, हे खरे. परंतु विज्ञानकथा लिहिणारा लेखक त्याआधी चौदा वर्षे त्या खुर्चीवर बसून गेला होता. 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' यांच्या लेखकाला विज्ञानकथाकार म्हणून ओळखण्याची आपल्याला गरज वाटली नाही, कारण तो प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. व्यासपीठाला विज्ञानकथाकार म्हणजे कथा सांगणारा वैज्ञानिक हवा असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नाशिक येथील चौऱ्याण्णवावे संमेलन करोनाच्या साथीमुळे पुढे ढकलले जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये भरले. प्रकृतीच्या कारणास्तव नारळीकर उपस्थित राहू शकले नाहीत आणि अध्यक्षांचे भाषण अध्यक्षांच्या अनुपस्थितीतच सभागृहापुढे आले. भाषणाचा प्रमुख विषय विज्ञानकथा हाच होता. विज्ञानकथा म्हणजे काय, चांगली कोणती आणि सदोष कोणती, समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजविण्यासाठी तिचा उपयोग काय, ही त्यांची अनेक वर्षांची मांडणी तेथे पुन्हा आली. तिच्यात प्रामाणिकपणा आहे, सुसंगती आहे, आणि वक्तृत्वाचा अभिनिवेश मुळीच नाही. फ्रेड हॉइल यांच्या शिष्याकडून हीच अपेक्षा होती. हॉइल यांनीही 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) लिहिताना आपले खगोलशास्त्र बाजूला ठेवले नव्हते. परंतु या मांडणीत नारळीकरांच्या उत्तम कथांना जागा नाही. कथाकार स्वत:च्या कथांपेक्षा लहान मापाचा अंगरखा शिवून व्यासपीठावर आला, असे म्हणावेसे वाटते.

हे विधान सिद्ध करण्यासाठी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पाहू. तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती महाराष्ट्राबाहेरही वाचली गेली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून निघून गेली, एवढाच काय तो फरक. पुढे राजेंद्र देशपांडे हा त्यांचा स्नेही पुंजयामिकीच्या आधारे या अनुभवाची संगती लावून देतो. वर्गात ही कथा शिकविली जाते ती याच दोन टोकांवर: पानिपत आणि पुंजयामिकी. म्हणजे पुन्हा 'कथा किती, विज्ञान किती'.

या दोन टोकांच्या मध्ये जो प्रसंग आहे, तो माझ्या मते कथेचा गाभा आहे. मुंबईत आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू असते. मंचावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. सभांचे अध्यक्षपद भूषविण्यात हयात गेलेल्या गंगाधरपंतांना ती रिकामी खुर्ची पाहवत नाही. ते सरळ जाऊन तीत बसतात. श्रोते खवळतात. कारण या दुसऱ्या जगात लोकांनी अध्यक्ष, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शन हा सर्व प्रकार केव्हाच मोडीत काढलेला असतो. पंत तरीही बोलावयास उभे राहतात. टोमॅटो आणि अंडी यांचा वर्षाव होतो, जमाव त्यांना उचलून फेकण्यासाठी मंचावर चढतो आणि त्या गर्दीत पंत नाहीसे होतात. आपल्या जगात परतल्यावर ते निश्चय करतात की आपले हजारावे अध्यक्षीय भाषण झाले, यापुढे अध्यक्षपद नको. पानिपतावरील चर्चासत्राच्या संयोजकांना तसे कळवूनही टाकतात.

येथे प्रश्न असा पडतो की, पर्यायी इतिहासाच्या कथेत लेखकाने हा प्रसंग का घातला? मराठे पानिपत जिंकले असते तर काय झाले असते, याचे उत्तर एखादा सामान्य लेखक गडकोट आणि भगवा यांनी देईल. नारळीकर ते देतात सभेच्या रिवाजातून. स्वत:च्या बळावर आधुनिक झालेला समाज कसा ओळखावा? तो अध्यक्षांचे ऐकून घेत नाही, यावरून. हे विधान राजकीयही आहे आणि विनोदीही, आणि त्याच्यासाठी पुंजयामिकीचे एकही समीकरण लागत नाही. उलट पुंजयामिकीचे स्पष्टीकरण राजेंद्र देतो तेव्हा कथा काहीशी मंदावते. तोही एका परीने व्यासपीठावरच उभा असतो. नाशिकच्या संमेलनातील रिकामी खुर्ची ही या कथेच्या वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. हा योगायोग आहे आणि त्यातून कोणताही सिद्धांत काढण्याचे कारण नाही. परंतु अध्यक्षीय भाषणाची एवढी थट्टा करणारा लेखक जेव्हा अध्यक्षीय भाषण लिहितो, तेव्हा त्यातील वाक्ये त्याच्या कथांचा मापदंड म्हणून वापरताना समीक्षकाने थोडा संकोच बाळगावा, एवढे तरी म्हणावयास हरकत नसावी.

दुसरी कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. डाव्याचे उजवे होणे, आरशातील प्रतिमेचे प्रत्यक्षात येणे, हे या कथेचे सूत्र असून मोबियसच्या पट्टीच्या कल्पनेतून त्याला शास्त्रीय आधार दिलेला आहे. क्रिकेटपटूचा हात आणि गणपतीची सोंड या दोन परिचित गोष्टींवर लेखकाने हा चमत्कार उतरविला आहे. परिसंवादांत या कथेचा उल्लेख होतो तो भूमितीची अवघड कल्पना सोपी करून सांगितल्याबद्दल. आमच्या परिसरात ही कथा वर्गात वाचली असता वेगळाच अनुभव येतो. मोरगावचा मयूरेश्वर डाव्या सोंडेचा. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा सिद्धिविनायक. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचे सोवळे सांभाळावे लागते, घरात बसविताना दहादा विचार करावा, हे येथील विद्यार्थ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे सोंड फिरली हे वाचताच वर्गात जी शांतता पसरते तिचा मोबियसशी काही संबंध नसतो. तो धाक श्रद्धेच्या बाजूने आलेला असतो. लेखक त्या श्रद्धेवर टीका करीत नाही आणि तिला दुजोराही देत नाही; तो तिचे वजन कथेसाठी वापरून घेतो. पट्टी समजण्याआधी मूर्तीची भीती समजावी लागते. शहरातील समीक्षकाला जे केवळ क्लृप्तीवजा शीर्षक वाटते, ते येथे कथेचे अर्धे बळ ठरते. 'विज्ञानकथा अंधश्रद्धा दूर करते' या व्यासपीठीय सूत्रात ही कथा बसवावयाची झाल्यास तिचे हे बळच काढून घ्यावे लागेल.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. लेखकाने स्वत: जो हेतू सांगितला, तो नाकारण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला? शिवाय ज्या समाजात फलज्योतिषाला प्रतिष्ठा आहे, तेथे प्रबोधनाचा हेतू हलका कसा मानावा? हा हेतू हलका मुळीच नाही. परंतु नारळीकरांनी त्या हेतूसाठी योग्य साधन कोणते, हेही दाखवून दिले आहे. महाराष्ट्रात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या जन्मकुंडल्या एकत्र करून त्या वेगळ्या करण्यास ज्योतिषांना सांगण्यात आले. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांवर उत्तरे दिली. अचूकतेचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के भरले. नाणे उडवून यापेक्षा कमी मिळाले नसते. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रबोधन करावयाचे तर ते असे, आकड्यांनिशी. जे काम ही चाचणी इतक्या चोखपणे करते, ते कथेच्या गळ्यात पुन्हा बांधण्याचे कारण काय? चाचणीतील ज्योतिषी केवळ चुकतो. कथेतील माणूस चुकतो तेव्हा त्याचे जग बदलते.

२० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतरच्या श्रद्धांजलीपर लेखनात विश्वरचनाशास्त्र, 'आयुका' आणि विज्ञानप्रसार यांचा गौरव यथोचित झाला. कथांविषयी मात्र तीच दोन वाक्ये फिरून फिरून आली: त्यांनी विज्ञान सोपे केले, त्यांनी मराठीत विज्ञानकथा रुजविली. यापैकी पहिले वाक्य त्यांच्या लेखांविषयी खरे आहे. दुसरे इतिहासाच्या नोंदीसाठी पुरेसे आहे. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत पुढे जेव्हा या कथा नेमल्या जातील तेव्हा शिक्षकाच्या हाती लेखकाचे भाषण असेल की कथा, हे आपल्या अभ्यासमंडळांना ठरवावे लागेल. तूर्त एक साधा बदल सुचवितो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेवरील प्रश्नांत विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेल्या गोळीविषयी आणि राजेंद्रच्या स्पष्टीकरणाविषयी विचारले जाते. त्यांच्या जोडीने आझाद मैदानावरील श्रोते इतके का चिडले, हेही एकदा विचारून पाहावे.